आधी काठी, मग जू

पुणे
रविवार, दुपार

चि. सानिकास,


घरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी तू पाठवलेले तिन्ही फोटो पाहिले. एक साधी जॉयस्टिक, एक जॉयस्टिक आणि थ्रॉटलची जोडी, आणि तिसरा तो अर्ध्या स्टिअरिंगसारखा रुबाबदार योक. खाली एकच ओळ, "मामा, कोणतं घेऊ?" तिसऱ्या फोटोवर तुझा जीव जडलाय हे मला इथे बसूनही कळतं. ताईनेही "एकदाच काय ते चांगलं घेऊन टाक" असं म्हटलं असणार. आमच्या घरात या एका वाक्यापायी मिक्सरपासून मोटारसायकलपर्यंत बरेच पैसे वाया गेलेत. म्हणून व्हॉट्सॲपवर एका शब्दात उत्तर न देता पत्र लिहायला बसलो.

उत्तर आधी सांगून टाकतो, म्हणजे मधली पानं चाळून शेवटाकडे पळणार नाहीस. साधी जॉयस्टिक घे. फक्त तिची मूठ स्वतःभोवती डावी-उजवीकडे वळणारी हवी. योक आत्ता नको.

आता कारणं. पहिलं कारण तुझं टेबल. हसू नकोस. तू ज्या टेबलावर अभ्यास करतेस ते अण्णांचं सागवानी टेबल आहे, माझं लहानपण त्याच्याखाली लपण्यात गेलंय. त्याच्या कडेखाली चार बोटं रुंदीची उभी पट्टी आहे आणि तिच्यामागे लगेच ड्रॉवर. योक नुसता ठेवून चालत नाही. तो ओढायचा आणि ढकलायचा असतो, म्हणून कडेला क्लॅम्पने आवळावा लागतो. त्या क्लॅम्पचा जबडा ती पट्टी गिळू शकत नाही. हे मला कसं कळलं? माझंही टेबल अण्णांनी त्याच सुताराकडून करून घेतलेलं. मी योक घेतला, खोकं उघडलं आणि तासभर जमिनीवर पालथा पडून क्लॅम्प बसवायचा खटाटोप केला. शेवटी तो जेवणाच्या टेबलावर बसला. रोज संध्याकाळी साडेसातला मामी पोळ्यांचा डबा घेऊन यायची आणि मी तीन हजार फुटांवर असायचो. सहा महिन्यांत योक विकला.

योकची आणखी एक खोड. जिथे कीबोर्ड असतो नेमकी तीच जागा तो अडवतो. तुला त्याच टेबलावर बारावीची जर्नल्स लिहायची आहेत. जॉयस्टिक उचलून कपाटात ठेवता येते.

दुसरं कारण, तू उडवणार काय आहेस? सेसना १७२ ला योक असतो. बोईंग ७३७ ला असतो, छोट्या गावांना जोडणाऱ्या एटीआर ७२ लाही असतो. पण एअरबस ए३२० ला योक नाहीच. खिडकीच्या बाजूला एक आखूड काठी असते, तिला साइडस्टिक म्हणतात. ए३२० पहिल्यांदा उडालं २२ फेब्रुवारी १९८७ ला, आणि तेव्हापासून काठीने प्रवासी विमान चालवणं कुणाला नवलाचं राहिलं नाही. डायमंड डीए४० या प्रशिक्षणाच्या विमानात दोन गुडघ्यांच्या मध्ये काठी असते. ग्लायडरला काठी, लढाऊ विमानाला काठी, हेलिकॉप्टरलाही पुढ्यात काठीच. तू मागच्या महिन्यात फोनवर एका दमात सेसना, ए३२० आणि सुखोई अशी तीन नावं घेतलीस. काठीने सेसना उडवताना थोडं खोटं वाटतं, पण चालतं. योकने सुखोई उडवणं म्हणजे बैलगाडीचं जू घोड्याच्या मानेवर. आणि 'योक' या शब्दाचा अर्थ जूच बरं का. संस्कृतातलं युग, आपलं जू आणि तो योक हे एकाच मूळ शब्दाचे भाऊबंद आहेत.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, त्यासाठी जरा मागे जातो.

कॉलेजात असताना मी एकदा हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर ग्लायडरमध्ये बसलो होतो. लांब दोर विंचने खेचतात, पोट पाठीला लागतं, मग खटकन दोर सुटतो आणि एकदम शांत होतं. काचेबाहेर लोकरीचा एक धागा चिकटवलेला होता. विमान वाऱ्यात तिरकं सरकलं की तो धागा कलतो, एवढं साधं उपकरण. प्रशिक्षकाने मला काठी दिली आणि मी ती एसटीतल्या दांड्यासारखी घट्ट पकडली. ते म्हणाले, "दोन बोटं आणि अंगठा. बाकीची बोटं घरी ठेवून ये." त्यांनी नाक जरा खाली करायला लावलं, वेग वाढला तशी काठी हातात ताठ होत गेली. नाक वर केलं, वेग पडला, आणि तीच काठी सैल, मऊ झाली. वेग हातालाच कळत होता, काट्याकडे बघावंच लागलं नाही.

घरच्या जॉयस्टिकमध्ये हे नसतं. तिच्यात स्प्रिंग असते, आणि विमान उभं असो की दोनशे नॉटने चाललेलं असो, स्प्रिंग तेवढ्याच जोराने मधे खेचते. नेहमीच्या योकमध्येही स्प्रिंगच असते. तू जास्त पैसे मोजून घेशील तो आकार खऱ्यासारखा असतो, हाताला लागणारा जोर नव्हे. खरा जोर देणारी यंत्रं मिळतात, त्यांना फोर्स फीडबॅक म्हणतात, पण पहिल्या खरेदीत त्यांचं नावही काढू नकोस.

यातून एक गंमत निघते. ए३२० ची खरी साइडस्टिकही स्प्रिंगचीच आहे. पंखावरच्या पट्ट्यांचा जोर तिच्यात येत नाही. काठी संगणकाला फक्त सांगते की नाक किती उचलायचं, किती झुकायचं. काठी सोडली की ती मधे येते आणि विमान बहुतेक आहे तसंच राहतं, नाक आहे तिथे टिकवणारं ट्रिम ते आपलं आपण करतं. म्हणजे साधी, स्वस्त जॉयस्टिक सेसनापेक्षा एअरबसच्या जास्त जवळची आहे. भारी योक घेऊन सेसना उडवणारा माणूस खऱ्यापासून जेवढा लांब असतो, त्यापेक्षा ही काठी घेऊन एअरबस उडवणारी तू जवळ असशील. हे दुकानदार सांगणार नाही.

सेसना उडवताना मात्र ट्रिमची एक सवय लावून घे. खऱ्या विमानात योक ओढून धरायचा, हाताला जोर जाणवतो, मग ट्रिमचं चाक फिरवत तो जोर काढून टाकायचा. योक होता तिथेच राहतो. तुझ्या काठीत स्प्रिंग सतत मधे ओढणार, म्हणून ट्रिम फिरवता फिरवता काठी हळूहळू मधे सोडत यायचं, नाक न हलू देता. पहिले आठ दिवस नाक धोबी पक्ष्याच्या शेपटीसारखं वरखाली होईल. होऊ दे. ट्रिम वर आणि ट्रिम खाली अंगठ्याजवळच्या दोन बटणांवर लावून ठेव, कीबोर्डवर नको.

तू डावखुरी आहेस, म्हणून हात हा मुद्दा आलाच. बाजारात पुष्कळ काठ्या उजव्या पंजाच्या घडणीच्या असतात. लॉजिटेकची एक्स्ट्रीम ३डी प्रो चांगली चालणारी काठी आहे, १२ बटणं, पुढे थ्रॉटलची छोटी पट्टी, पण ती उजव्या हाताची. थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम दोन्ही हातांना चालते, आणि त्याच कंपनीची ए३२० च्या धाटणीची टीसीए साइडस्टिकही. यातली एक घे. आणि डावखुरं असण्याची खंत करू नकोस. कॅप्टन डावीकडे बसतो, त्याची साइडस्टिक डाव्या हाताला असते आणि थ्रॉटल उजव्या. जन्मभर उजव्या हाताने जेवलेले, लिहिलेले कॅप्टन डाव्या हाताने विमान उतरवतात.

आतल्या सेन्सरबद्दल थोडंसं. जुन्या पद्धतीच्या काठीत पोटेन्शिओमीटर असतो, रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं बटण आतून असतं तसा. एक टोक पट्टीवर घासत जातं, पट्टी झिजते, धूळ बसते, आणि जुना रेडिओ खरखरतो तशी काठी 'खरखरते'. १९९८ साली घेतलेली माझी पहिली काठी साउंड कार्डाच्या १५ पिनांच्या गेमपोर्टला लागायची आणि दर वेळी कॅलिब्रेट करावी लागायची. फ्लाइट सिम्युलेटर ९८ मध्ये शिकागोच्या मेग्ज फील्डवरून उड्डाण व्हायचं. तो खरा विमानतळ २००३ मध्ये महापौरांनी रातोरात बुलडोझर घालून बंद पाडला, पण माझ्या हाताला ती धावपट्टी अजून पाठ आहे. असो. हॉल सेन्सर असेल तर चुंबक आणि सेन्सर एकमेकांना शिवतच नाहीत, म्हणून झीज नाही. वर सांगितलेल्या टी.१६०००एम मध्ये पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हॉल सेन्सर आहेत.

जुनी काठी मिळत असेल तर जरूर घे, पण बघून. विंडोजमध्ये गेम कंट्रोलरची खिडकी उघडली की चौकटीत एक फुली दिसते. हात काढून घे, फुली मधोमध थांबते का बघ. मग काठी अगदी सावकाश कडेपर्यंत ने. फुली उड्या मारत असेल तर नमस्कार करून परत ये. मूठ वळवूनही बघ, बहुतेक काठ्या आधी तिथे दमतात.

मूठ वळणारी हवी हा हट्ट का, ते सांगायचं राहिलं. वळण्याने रडर, म्हणजे शेपटीवरची उभी पट्टी, चालतो. एका पंख्याचं विमान पूर्ण जोर दिला की धावपट्टीवर डावीकडे ओढ घेतं, उजवा रडर द्यावाच लागतो. मूठ वळत नसेल तर सिम्युलेटर ते काम गुपचूप स्वतः करतो आणि तुला पत्ता लागत नाही. आपोआप रडर देण्याची सोय सेटिंगमध्ये शोधून पहिल्याच दिवशी बंद कर. पहिले दोन दिवस गवतात जाशील.

बाकी सेटिंगमध्ये फार रमू नकोस. नव्या हॉल सेन्सरच्या काठीला डेड झोन शून्य किंवा जेमतेम ठेव. डेड झोन म्हणजे मधली मुकी जागा. ती मोठी केलीस तर उतरताना शेवटच्या दहा फुटांत नेमका तिथेच हात हलतो आणि विमान ऐकत नाही. मुठीवर टोपीसारखा हॅट स्विच असतो, तो इकडेतिकडे बघण्यासाठी लाव. घरी शिकलेल्यांची एक ठरलेली खोड असते, डोळे काट्यांवर खिळलेले आणि क्षितिज कुठे आहे ते ठाऊक नाही. खऱ्या प्रशिक्षणात गेल्यावर ती मोडायला वेळ लागतो.

तुझ्या मनातला पुढचा प्रश्न ओळखतो. हे तास कमर्शिअल पायलट लायसन्सला लागणाऱ्या २०० तासांत धरतात का? नाही. खोलीत बसून उडवलेलं एक मिनिटही त्यात धरत नाहीत.

पैसे उरतील. ते लगेच योकवर उडवू नकोस. सहा महिन्यांनी वाटलंच तर आधी रडर पेडल घे, कारण पाय शिकायला हातापेक्षा जास्त वेळ लागतो आणि पेडल काठीबरोबरही चालतात, योकबरोबरही. फक्त तुमच्या शहाबादी फरशीवर ती घसरतील, आणि चाकाच्या खुर्चीवर बसलीस तर पेडल दाबल्यावर विमानाऐवजी तूच मागे जाशील. खाली रबरी चटई टाक, लाकडी खुर्ची घे. त्यानंतर सेसनातच मन रमलं असेल तर योकचं बघू. तेव्हा पूर्ण १८० अंश फिरणारा बघू, हनीकोम्ब अल्फासारखा. जे कमी फिरतात त्यांच्यात बारीक हालचाल अवघड जाते. शिवाय काही योकचा दांडा मधल्या जागी किंचित अडकतो, तेव्हा हाताने हलवून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही.

आणि काही विकत घ्यायच्या आधी फ्लाइटगियर हा सिम्युलेटर उतरवून घे, फुकट आहे. कुणाचा तरी गेमपॅड आठ दिवस माग आणि सेसना घेऊन एका धावपट्टीभोवती चौकोनी फेऱ्या मार. फक्त उड्डाण, डावं वळण, डावं वळण, उतरणं. चौथ्या दिवशी कंटाळा आला तर मला फोन कर, पैसे बँकेत ठेवू.

ताईला नमस्कार. भाऊजींना सांग, दिवाळीला येतोय.

तुझा,
मामा

ता. क. टेबलाच्या कडेची जाडी आणि खालच्या पट्टीची उंची मोजून ठेव. अण्णांची लोखंडी पट्टी उजव्या ड्रॉवरमध्ये असेल, तो ड्रॉवर जरा उचलून ओढावा लागतो.