फवारणी पंप भरताना घ्यावयाची दक्षता

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी अनेक ठिकाणी माणसाच्या उंचीची झाली होती. अशा पिकात दांडी वर धरून फवारा मारावा लागतो व त्याचे तुषार मारणाऱ्याच्याच तोंडावर आणि छातीवर उतरतात. या घटनेची चर्चा फवाऱ्याभोवतीच अधिक झाली. तथापि फवारणीतील सर्वांत धोक्याचा क्षण फवारा सुरू होण्यापूर्वीच, म्हणजे पंप भरताना येतो.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. १५ लिटरच्या पंपात ३० मिलिलिटर कीटकनाशक घातले, तर ते पाचशे पटींनी पातळ होते. म्हणजे डब्यातून हातावर सांडलेला मूळ औषधाचा एक थेंब मिश्रणाच्या पाचशे थेंबांच्या बरोबरीचा होय. ऑर्गेनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके तर न दुखवता, न भाजता कातडीतून अंगात भिनतात. त्यामुळे बाधा होत असल्याचे माणसाला त्या वेळी कळतही नाही. 'औषध' हा आपल्याकडे रूढ झालेला शब्दच मुळी फसवा आहे. जहाल कीटकनाशकांच्या डब्यावर छापलेला शब्द 'विष' असा असतो.

१९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील १९७१ च्या नियमांनुसार डब्यावर रंगीत त्रिकोणाची खूण असते. लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व शेवटी हिरवा. ही खूण अक्षरओळख नसलेल्यासही समजते. परंतु पुष्कळदा डबा शेतमालकाच्या घरी राहतो आणि मजुराच्या हाती बिनखुणेच्या बाटलीत ओतून दिलेले द्रव येते. विष मूळ डब्यातून काढून दुसऱ्या बाटलीत देणे ही चूक मजुराची नव्हे.

पंप भरण्यापूर्वी त्यात नुसते पाणी घालून दाब द्यावा. झाकणाचा वायसर, नळीचे जोड व खटका यांतून गळती होत असेल, तर ती तेथेच दिसते. पाठीवर गळणारा पंप घेऊन दिवसभर चालणे म्हणजे विषात भिजलेला सदरा अंगावर वागविणे होय. गळती नसल्याची खात्री झाल्यावर टाकीत निम्मे स्वच्छ पाणी घ्यावे. मोजलेले औषध बादलीत थोड्या पाण्यात लांब काठीने ढवळावे, ते गाळणीतून टाकीत ओतावे व मग उरलेले पाणी घालावे. हात घालून ढवळू नये. माप डब्यासोबतच्या मापानेच घ्यावे. बाटलीच्या झाकणाने अंदाज करू नये. हे काम वाऱ्याकडे पाठ करून, रबरी हातमोजे व चष्मा घालून करावे. पाणी आणून देणाऱ्या स्त्रियांनी व मुलांनी त्या वेळी जवळ थांबू नये.

इंजिनावर चालणाऱ्या पंपास पाणी कमी लागते. एकरी औषध तेवढेच ठेवले की मिश्रण साध्या पंपापेक्षा कितीतरी तीव्र होते. म्हणून त्याची गळती व तुषार अधिक घातक, हे ध्यानात असू द्यावे. दोन-तीन औषधे एकत्र मिसळण्याची प्रथाही फोफावली आहे. माहितीपत्रकात स्पष्ट मुभा नसताना असे करू नये.

पंप विहिरीच्या काठावर किंवा हातपंपाच्या ओट्यावर भरणे ग्रामपंचायतीने थांबविले पाहिजे. नळीने पाणी भरताना नळीचे टोक टाकीतील पाण्याच्या वर असावे. ते बुडलेले असून मोटार अचानक बंद पडली, तर टाकीतील विष उलट ओढले जाऊन पिण्याच्या पाण्यात जाते. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवणेच श्रेयस्कर. टू-फोर-डी या तणनाशकाचा अल्पसा अंश राहिला तरी कपाशीची पाने आकसतात.

नोझल तुंबले तर ते तोंडाने फुंकू नये. मऊ ब्रशाने किंवा पाण्याने साफ करावे. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे, म्हणजे औषधही वाया जात नाही. नंतर डब्यास भोक पाडावे. नाहीतर तो घरात तेलासाठी वा पाण्यासाठी वापरला जातो. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत.

डोकेदुखी, मळमळ, अतोनात घाम, लाळ गळणे, अंधुक दिसणे, स्नायू फडफडणे यांपैकी काही जाणवताच काम थांबवावे. 'ऊन लागले' म्हणून झाडाखाली निजविण्यात मोलाचा वेळ जातो. भिजलेले कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे व रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. सोबत डबा किंवा त्याचे माहितीपत्रक अवश्य न्यावे. ऑर्गेनोफॉस्फेटच्या बाधेवर ॲट्रोपिन देतात, पण प्रत्येक विषावर तोच उतारा चालत नाही. कोणते विष अंगात गेले हे डॉक्टरांना त्या कागदावरूनच कळते.