तीन जबड्यांचा चक आणि फोमचं टायर

रिमोटवर चालणाऱ्या आरसी गाडीचं फोमचं टायर वाकडंतिकडं झिजलं की मुंबईकराला आधी शेजारचा गाळा आठवतो. मुलुंड-भांडुपला एलबीएस मार्गालगत, घाटकोपरला असल्फ्याकडे, अंधेरीत मरोळ-साकीनाक्याला लेथवाल्यांना काही तोटा नाही. पितळी बुश कातून मिळतो, शाफ्ट कातून मिळतो, मग तळहातात मावणारं टायर का नाही मिळणार? मीही माझी चार टायर अशाच एका गाळ्यात नेली होती.

मिस्त्रींचा हात सफाईदार. त्यांनी रिम तीन जबड्यांच्या चकात धरली, चावी आवळली आणि फोमवरून टूल नेलं. लेथवर फिरताना टायर अगदी गोल दिसत होतं. गाडीवर चढवलं आणि पहिल्याच सरळ रेषेत गाडीचं नाक थरथरायला लागलं. बेअरिंग बदललं, हब बदलला, थरथर तशीच. शेवटी टायर ॲक्सलवर सावकाश फिरवून शेजारी पट्टी धरली, तेव्हा एका फेऱ्यात तीनदा घासल्याचा आवाज आला. चकाचे जबडे तीन आणि टायरवरचे उंचवटेही तीन.

कारण सरळ आहे. प्लॅस्टिकची पातळ रिम जबड्यांखाली आत दबते आणि मधल्या जागी बाहेर फुगते. टूल त्या दबलेल्या आकारावर गोल कापतं. चावी सैल केली की रिम मूळ आकाराला येते आणि जबड्यांच्या जागी फोम वर उचलला जातो. रोज लोखंड आवळणाऱ्या हाताला प्लॅस्टिकचा अंदाज नसतो, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. शिवाय रिमची कड आणि तिचं मधलं भोक एकाच केंद्रावर असेल याचीही खात्री नसते, आणि गाडी धावते ती भोकावर.

म्हणून लेथवाल्याकडे जरूर जा, पण टायर कापून घ्यायला नाही, मँड्रेल, म्हणजे चाक बसवून फिरवायची दांडी, कातून घ्यायला. एक-दशांश टूरिंग गाडीला १२ मिमीचा षटकोनी हब असतो. मँड्रेलच्या टोकावर तोच हब बसवायचा, रिम त्यावर चढवायची आणि गाडीला लागतो तोच नट तेवढाच आवळायचा. सायकलवाला आऊट काढताना चाक त्याच्याच ॲक्सलवर फिरवून बघतो, तोच न्याय इथे. बाजारात टायर ट्रू करायची जी छोटी मशिन मिळतात तीही याच तत्त्वावर चालतात. महाग आहेत, पण दोन-तीन जणांनी मिळून एक घेतलं तर परवडतं.

कापताना घाई नको. फोम मऊ असतो. टूल बोथट असेल तर तो कापला न जाता मागे सरतो, तापतो आणि त्याचे लचके निघतात. मी कार्बाइडच्या धारदार टूलने अगदी पातळ काप घेतो आणि शेवटचा हात पॉलिश पेपरचा देतो: आधी ८० नंबर, मग १२०.

मापात सगळ्यात जास्त फसगत व्हर्नियर करतो. त्याचे जबडे फोममध्ये रुततात, आणि दोन वेळा मोजलं तर दोन मापं येतात. त्यापेक्षा कागदाची अरुंद पट्टी टायरभोवती न ओढता गुंडाळा, जिथे टोक येतं तिथे बारीक पेन्सिलने खूण करा आणि लांबीला ३.१४ ने भागा. ६० मिमीच्या टायरचा घेर साधारण १८८.५ मिमी, ५९ चा १८५.४. व्यासात एका मिलिमीटरचा फरक पडला की घेरात तीन मिलिमीटरहून जास्त पडतो. मागच्या चाकांवर तो गिअर बदलल्यासारखा जाणवतो. डाव्या-उजव्या टायरमध्ये पडला तर गाडी एका बाजूला कलून उभी राहते. चारही चाकं पट्ट्याने ओढणाऱ्या गाडीत पुढच्या-मागच्या टायरचं ठरलेलं गणित चुकलं तर चाकं एकमेकांशी झगडतात, पट्टा आणि मोटर तापतात. त्यामुळे टायर नेहमी जोडीने कापायचं, आणि जोडीतलं जास्त झिजलेलं आधी. दुसरं त्याच्या मापाला आणायचं.

बाहेरची धार तशीच टोकदार सोडू नका. पॉलिश पेपरने ती गोल करा आणि बाजूच्या भिंतीवर फेविक्विकचा पातळ थर द्या. धार फाटत नाही आणि जोरात वळताना फोम कार्पेटला धरून गाडी कोलांटी खाण्याचं प्रमाण कमी होतं. टायरच्या एकाच कडेला जास्त झीज दिसली तर पुन:पुन्हा कापण्याआधी कँबर, म्हणजे चाकाचा उभा कल, बघा.

धुळीची पथ्यं सगळे सांगतात, पाळत कुणीच नाही. फोमची काळी भुकटी हलकी असते, अंगाला-भिंतीला चिकटते. वन बीएचकेच्या बाल्कनीत हा उद्योग कराल तर खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरी आधी काळ्या होतील, मग तुमची फुप्फुसं. एन-९५ मास्क, चष्मा आणि टूलच्या अगदी शेजारी व्हॅक्यूम क्लिनरची नळी, एवढं हवंच. हातमोजे मात्र फिरत्या मशिनवर घालायचे नाहीत, सैल बाहीही नाही.

आपल्याकडे या नादाची सुरुवात बहुतेकांची खडबडीत जागेवर होते. पवईच्या आयआयटीत १९९८ पासून भरणाऱ्या टेकफेस्ट या तंत्रज्ञान महोत्सवाने किती पोरांना गाड्यांच्या मागे लावलं असेल! पण खडबडीत मातीवर रबरी टायरच बरी. फोमला स्वच्छ डांबर किंवा कार्पेट हवं, आणि आमच्याकडे कार्पेट म्हणजे मंडपवाल्याकडून भाड्याने आणलेलं. ते अंथरायच्या आधी त्यावरून लोहचुंबक फिरवा. लग्नातल्या टाचण्या आणि स्टेपलच्या पिना हमखास निघतात. टायर मशिनवर चढवण्यापूर्वीही एकदा बोटाने चाचपून बघा. फोममध्ये रुतलेली पिन टूलला लागली तर टूलची धार जाते आणि पिन कुठल्या दिशेला उडेल सांगता येत नाही.