मृगाआधी खोप उपसावी

बाळा, भाजीला जागा पुरत नाही म्हणतोस, पण तुझी निम्मी जागा त्या खोपटाने आणि त्याच्या भोवतीच्या अडगळीने खाल्ली आहे. हार्बर लाइनच्या रुळांच्या कडेची मोकळी जमीन रेल्वेने कर्मचाऱ्यांना भाजीसाठी दिली, ती तिथे अतिक्रमण होऊ नये म्हणून. तिथे आपणच भंगार साठवायचं, हे बरं नाही.

मृग ७-८ जूनला लागतो. त्याच्या आठवडाभर आधी, कडक ऊन बघून, खोप पूर्ण रिकामी कर. थोडं थोडं आवरलं की या कोपऱ्यातलं त्या कोपऱ्यात जातं, बाकी काही होत नाही.

हात आधी घालायचा नाही, काठी घालायची. मी एकदा गुंडाळलेला पाइप उचलायला वाकलो आणि आतून कुकरची वाफ सुटल्यासारखा फुत्कार आला. घोणस होती. दोन पावलं मागे सरलो म्हणून वाचलो. तसं झालं तर मारायला जाऊ नकोस, सर्पमित्राला बोलव. गमबूट आणि हातमोजे हवेतच. उंदीर मुतलेल्या जागी पायाला साधी चीर असली तरी लेप्टो होऊ शकतो.

बियांचे डबे उन्हात नको, सावलीत उघड. माठाचं बी वर्षानुवर्षं काळं चकचकीत दिसतं, त्यावर भुलू नकोस. दहा दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेव. मेथी तीन-चार दिवसांत बोलते, पालकाला आठवडा दे. सात-आठ उगवले तर बी ठेव, पाचच उगवले तर दाट पेर, त्याहून कमी असतील तर टाकून दे. युरियाची पोती विटांवर फळी टाकून, भिंतीपासून वीतभर लांब ठेव. ढेकळं झाली म्हणून युरिया फेकू नकोस, फोडून वापर.

औषधांचं मात्र कडक बघ. मी एकदा कीटकनाशक सरबताच्या बाटलीत ओतून ठेवलं होतं, भाच्याने ती तोंडाला लावता लावता हिसकावली. तो दिवस आठवला की अजून हात कापतात. औषध मूळ डब्यातच, कुलपात. रिकामा डबा तीनदा विसळायचा, ते पाणी फवारणीच्या पंपात ओतायचं, मग डब्याला भोकं पाडायची, म्हणजे कुणी त्यात पाणी भरणार नाही. मंडाळ्याच्या भंगारातून आणलेली ती दोन निळी पिंपं तर आजपासून वापरू नकोस. आधी त्यांत कसलं रसायन होतं, कोण सांगणार? त्यांतलं पाणी पालकाला घालतोस आणि तो पालक लोकांची लेकरं खातात.

टायर, फुटके डबे ठेवू नकोस, पावसाचं पाणी साचून डासांची पैदास होते. दोन हंगाम हात न लागलेली वस्तू तिसऱ्या हंगामातही लागत नाही, सरळ भंगारवाल्याला दे. खुरपी, विळे घासून तेलाचा हात फिरवून खिळ्याला टांग.

सुटे पत्रे आणि ताडपत्री आजच दोरीने आवळ. २०१६पासून हार्बर लाइनच्या वायरीत २५ हजार व्होल्टचा प्रवाह आहे. वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडून वायरीवर गेला तर गाड्या थांबतील, आणि तो काढायला धावणाऱ्याचा जीव जाईल. अशा पत्र्याला कधी हात लावू नकोस, आधी स्टेशन मास्तरांना कळव.

रविवारी सकाळी सातला येतो. पिंपं हलवायला दोघं लागतील.