गाडीची उंची वाढवताना

प्रश्न: खराब रस्त्यांसाठी छोट्या कारचा ग्राउंड क्लिअरन्स वाढवता येईल का?

उत्तर: येतो, पण थोडाच. जुन्या गाडीत आधी स्प्रिंग तपासाव्यात. त्या बसल्या असतील तर कंपनीच्या नव्या स्प्रिंगनेच मूळ उंची परत मिळते, आणि पुष्कळदा तेवढे पुरते.

स्प्रिंगच्या वेढ्यांत बसवायचे रबरी बफर स्वस्त असतात. भरलेली गाडी त्यांमुळे कमी दबते, मात्र धक्के अधिक जाणवतात. स्ट्रटवर स्पेसर लावल्यास बॉडी उचलली जाते. त्याबरोबर ड्राइव्हशाफ्टचा कोन वाढून सीव्ही जॉइंट व त्यांचे बूट लवकर झिजतात, गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर गाडी जास्त कलते. त्यानंतर व्हील अलाइनमेंट व हेडलाइटची दिशा जुळवणे अपरिहार्य. बोलेरोसारख्या सलग मागच्या ॲक्सलच्या गाडीत तर स्प्रिंग कितीही उंच केली तरी डिफरन्शियल जागचे हलत नाही. ते फक्त मोठ्या टायरने उचलले जाते. टायरचा लाभही निम्माच: १८५/६५ आर१५ऐवजी १९५/६५ आर१५ घेतल्यास व्यास १३ मिमी, पण क्लिअरन्स जेमतेम साडेसहा मिमी वाढतो.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारे बदल रोखते. विमा कंपनीही दाव्याच्या वेळी हाच मुद्दा काढू शकते.