अक्षरांतून संख्येकडे : संगणकाच्या हिशेबातील पहिली दक्षता

अर्जाच्या रकान्यात ‘५००’ असे लिहिले की वाचणाऱ्याच्या दृष्टीने ती संख्या होय. संगणकाच्या दृष्टीने मात्र ती केवळ तीन चिन्हांची ओळ असते. बेरीज-वजाबाकी करावयाची तर या ओळीचे प्रथम संख्येत रूपांतर करावे लागते. हे काम वरकरणी क्षुल्लक वाटते. परंतु अनुदान, कर वा वेतन यांचा सारा हिशेब त्यावरच उभा असतो.

शून्याचा घोटाळा

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत विकसित केलेल्या सी भाषेत ‘एटॉय’ नावाची सोय आहे. ती ओळीतील अंक वाचत जाते आणि अन्य चिन्ह येताच थांबते. त्यामुळे इंग्रजी अंकांत व स्वल्पविरामांसह लिहिलेल्या १,२५,००० या रकमेतून तिच्या हाती केवळ १ लागतो. रकाना रिकामा असल्यास उत्तर ० येते. देवनागरी अंकांतील ‘५००’ चेही ०! उत्पन्न खरोखरच शून्य आहे की ते वाचताच आले नाही, हा भेद तेथेच पुसला जातो.

उपाय कोणता?

त्याच भाषेतील ‘स्ट्रटोल’ ही सोय वाचन कोठे थांबले ते दाखविते. संख्या मर्यादेबाहेर गेल्यास ती त्रुटीची खूण करते. मात्र जुनी खूण अगोदर पुसून ठेवावी लागते. मर्यादेचे भान आवश्यकच आहे. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ हून मोठी संख्या मावत नाही. पायथॉन भाषा देवनागरी ‘५००’ अचूक वाचते आणि स्वल्पविराम आढळल्यास अंदाज न बांधता त्रुटी कळविते.

अंकांत लिहिलेली प्रत्येक गोष्ट संख्या नसते, हेही ध्यानी ठेवावयास हवे. मुंबईचा दूरध्वनी संकेतांक ०२२ संख्येत बदलला तर २२ उरतो. ज्यांची बेरीज करावयाची नसते, असे क्रमांक अक्षररूपातच ठेवणे इष्ट.

सारांश, ओळ पूर्ण वाचली गेली काय, संख्या मर्यादेत आहे काय आणि ती त्या रकान्यास साजेशी आहे काय, हे तीन प्रश्न आज्ञावलीने विचारावेत. उत्तर नकारार्थी आल्यास मुकाट्याने शून्य न मांडता अर्जदारास पुन्हा विचारावे. एका प्रश्नाने थोडा वेळ जाईल. चुकीच्या शून्याने मात्र एखाद्याचा हक्क जाऊ शकतो.