लाल दिवा लागल्यावर

कर्जत

चि. सोनू,

तुझा मेसेज मिळाला. सावरोली-खारपाडा रस्त्यावरच्या तुमच्या कारखान्यात सर्व्हरच्या चार डिस्कपैकी एकीचा दिवा लाल झालाय, काम मात्र चालू आहे, आणि साहेब म्हणतायत, आत्ताच्या आत्ता बदल. साहेबांना म्हणावं, जरा दम धरा. तुमच्या डिस्क रेड-फाइव्हमध्ये जोडलेल्या आहेत; त्यात गेलेल्या डिस्कवरचा मजकूर उरलेल्या तिघींवरून हिशेबाने काढता येतो, म्हणून तर टॅली अजून उघडतंय. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची मांडणी केली, तीच मुळी स्वस्त डिस्क कधी ना कधी जाणार हे धरून. एक गेली यात आक्रीत काही नाही. मात्र आता दुसरी गेली तर सगळं संपलं.

म्हणून नव्या डिस्कच्या आधी बॅकअप. शेवटचा कधी घेतला होता, तो उघडतो का, हे आजच बघ. पगार, टॅली आणि ड्रॉइंग यांची ताजी प्रत बाहेरच्या डिस्कवर काढ आणि ती डिस्क सर्व्हरच्या खोलीत ठेवू नकोस. "रेड आहे की, बॅकअप कशाला?" असं कुणी म्हणालंच तर त्याला सांग, चुकून डिलीट केलेला फोल्डर रेड चारही डिस्कवरून इमानेइतबारे डिलीट करतं.

प्रत आधी का, तर नवी डिस्क लावली की तिच्यावर मजकूर पुन्हा भरायला, म्हणजे रीबिल्डला, उरलेल्या तिन्ही पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात. तुझ्या डिस्क चार टीबीच्या, म्हणजे बारा टीबी वाचन. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या सेक्टरचं जे प्रमाण छापलेलं असतं, ते साधारण साडेबारा टीबीमागे एक असं पडतं. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्या निघतात, पण तुझ्या तिन्ही एकाच वेळी घेतलेल्या आणि सारख्याच झिजलेल्या आहेत. कर्जत स्टेशनात उभी असलेली गाडी नुसती बघून घाट चढेल की नाही ते कळत नाही; चढ अवघड, म्हणून तर मागे बँकर इंजिनं लावतात. पळसदरी स्टेशन सुटलं की खरी कसोटी. रीबिल्ड हा तुझ्या डिस्कचा घाट आहे. सेकंदाला दीडशे एमबीचा वेग मिळाला तरी साडेसात तास लागतील, आणि ऑफिस चालू असेल तर कितीही. शनिवारी संध्याकाळी सगळे गेले की सुरू कर.

त्याआधी डिस्क खरंच गेलीय का, हेही तपास. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या स्मार्टच्या तक्त्यात रिअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर वाढलेले दिसले तर गेली. ते शून्य आणि सीआरसी एरर मात्र वाढतायत, तर आधी केबलवर संशय घे. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत कनेक्टरला गंज धरायला वेळ लागत नाही.

आता सगळ्यात नाजूक काम, गेलेली डिस्क नेमकी ओळखून काढण्याचं. रेडची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये चालू डिस्कमागे एक असे चार यू दिसायला हवेत, तिथे तुला तीन यू आणि एका जागी आडवी रेघ दिसेल. त्या रेघेवरून कप्पा मोजत बसू नकोस. एसडीबी, एसडीसी ही डिस्कची नावं रीस्टार्टनंतर बदलू शकतात, आणि काही पेट्यांत कप्पे शून्यापासून मोजतात, काहींत एकपासून. सीरियल नंबरच धर. चालू असलेल्या तिघींचे नंबर कागदावर उतरव. उरलेली ती गेलेली. पेटीला हॉट-स्वॅपची, म्हणजे चालू मशीनमधून डिस्क काढायची, सोय नसेल तर मशीन रीतसर बंद करून, झाकण काढून लेबलावरचा नंबर मोठ्याने वाच, दुसऱ्या कुणाला तरी कागदावर ताडून बघायला सांग, मगच ओढ. सोय असली तरी नंबर बाहेरून वाचता येत नसेल तर असंच कर; येत असेल तर तो ताडून मगच ट्रे बोटभर बाहेर घे आणि अर्धा मिनिट थांब. आतली चकती फिरायची थांबू दे, मग पूर्ण काढून नंबर पुन्हा एकदा बघ. घाईत चांगली डिस्क ओढली की काय होतं, ते तुला वेगळं सांगायला नको. आणि स्क्रीनवर "इनिशियलाइज" किंवा "नवीन अ‍ॅरे तयार करा" असं आलं तर हात मागे घे आणि मला फोन कर, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.

नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी, एक सेक्टरही कमी चालत नाही. दुकानदाराला "सीएमआर द्या" असं स्पष्ट सांग. नुसतं "नॅससाठी" म्हणून भागत नाही. वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच्या 'रेड' (म्हणजे लाल) नावाच्या मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या, पद्धतीच्या होत्या आणि तसं सांगितलेलं नव्हतं, हे २०२० साली बाहेर आलं. अशा डिस्कवर रीबिल्ड रखडतो.

आणि एक नाही, दोन घे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून डिस्क आणायची तर लोकल चालू हवी. जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. जादाची डिस्क कपाटात असली की पावसाचा प्रश्न उरत नाही. विजेचं मात्र बघावं लागेल. खोपोलीच्या वीजकेंद्राने १९१५ पासून मुंबईच्या गिरण्या चालवल्या, पण तुमच्या रस्त्यावर चार थेंब पडले की दिवे जातात, हे तूच सांगत असतेस. रीबिल्डला हात घालण्यापूर्वी यूपीएसची बॅटरी लोड देऊन तपास.

काढलेली डिस्क भंगारवाल्याला देऊ नकोस. तिच्यावर सगळ्यांच्या पगाराचे आकडे आहेत. मार्करने "गेलेली" असं लिहून, तारीख टाकून ती कुलपात ठेव, नष्ट कशी करायची ते नंतर बघू. रीबिल्ड झाल्यावर चार यू दिसले की स्क्रब, म्हणजे सगळ्या डिस्कची पडताळणी, लाव, आणि सीरियल नंबरच्या त्या कागदाचा फोटो मला पाठव.

तुझी,
आत्या