नकोसा गडी

दूरदूरच्या अनोळखी गड्यांबरोबर संगणकावर खेळावयाचे खेळ आतां घरोघरीं पोंचले आहेत. पालकांस ते रुचोत वा न रुचोत, त्यांतील एक प्रश्न विचार करण्याजोगा आहे. मैदानावर शिवीगाळ करणाऱ्या मुलास आपण दुसऱ्या दिवशीं डावांत घेत नाहीं. येथें मात्र गडी निवडतें तें यंत्र. तें प्रत्येकाच्या कौशल्याचा अंक पाहतें, कोण किती वेळ ताटकळला आहे तें पाहतें, आणि संघ जुळवितें. अपरात्रीं खेळणारे थोडे असले, म्हणजे ज्याच्याविरुद्ध आपण आतांच तक्रार नोंदविली, तोच पुढील डावांत पुन्हा शेजारीं येऊन उभा राहतो. समान बळाचे गडी यंत्रास तेवढेच सांपडतात. आणि तक्रार म्हणजे कांहीं निकाल नव्हे.

मग एकदां तक्रार झाली कीं त्या दोघांची पुन्हा गांठ पडूंच नये, असा नियम कां करीत नाहींत? तो करून पाहिलेला आहे. ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीचा 'ओव्हरवॉच' हा खेळ २०१६ च्या मे महिन्यांत निघाला. त्या वेळीं तो सहा विरुद्ध सहा असा खेळत. नको असलेला गडी टाळण्याची सोय त्यांत आरंभापासून होती, व उर्मट लोकांपासून इतरांचें रक्षण व्हावें हा तिचा हेतु होता. पुढें काय झालें तें खेळाचे मुख्य रचनाकार जेफ कॅप्लन यांनींच सांगितलें आहे. 'विडोमेकर' नांवाच्या बंदूकधारी पात्राचा एक अत्यंत निष्णात खेळाडू तक्रार घेऊन आला कीं, मला सामनाच मिळत नाहीं. शोध घेतां आढळलें कीं शेंकडों लोकांनीं त्यास टाळलें होतें. तो शिवराळ नव्हता, भांडखोर नव्हता. भला माणूस होता. त्याचा अपराध एवढाच कीं तो फार चांगला खेळे! फार वेळ वाट पाहिल्यावर यंत्र नाइलाजानें त्यास आपल्याहून दुर्बळ गड्यांत नेऊन सोडी, म्हणजे त्यांचाही विरस. थोड्याच आठवड्यांत, जून महिन्यांत, ती सोय काढून टाकण्यांत आली.

मला या हकीकतींत यंत्राचा दोष दिसत नाहीं. आपला पराभव व आपला अपमान यांतील भेद रागाच्या भरांत आपणांसच कळेनासा होतो, आणि तक्रारीची कळ तर बोटाखालींच असते. मुलगा रुसून उठला तर वडील मंडळींनीं प्रथम विचारावें, "तो तुला काय बोलला?" उत्तर मिळालें तर तक्रार अवश्य करूं द्यावी, घाणेरडी भाषा मुकाट्यानें सोसणें हा कांहीं सद्गुण नव्हे. त्याचा आवाज व मजकूर आपल्यापुरता बंद करण्याची सोय बहुतेक खेळांत असते, आणि तिच्यामुळें दुसऱ्या कोणाचें नुकसान होत नाहीं.

'ओव्हरवॉच'कारांनीं २०१८ मध्यें टाळण्याची सोय पुन्हा आणली, पण हात आंखडून. टाळावयाचें तें केवळ सोबती म्हणून. प्रतिपक्षांत तो येऊं शके. त्यामुळें बलिष्ठ प्रतिस्पर्ध्यापासून पळ काढण्याची वाट राहिली नाहीं. आरंभीं नांवें दोनच घालतां येत, व तींही सात दिवसांपुरतीं. मुदत सरली कीं नांव आपोआप गळून पडे. राग तरीही उरला असल्यास तें पुन्हा घालावें लागे.